साठ गुंड्यांचा सरदार

सोमवार, ४ तारीख

पोहोचले एकदाची. हाडं, ट्रंक आणि गुंड्यांचा डबा, तिन्ही शाबूत आहेत.

लेका, तू जहाजावर जाताना हा फोन देऊन गेलास आणि म्हणालास, आई, रोज काय घडलं ते बोलत जा, तो तारीख घालून उतरवून ठेवील, आल्यावर मी वाचीन. लाल गोल दाबला की याचे कान उघडतात, मी गप्प झाले की हा आपोआप मिटतो. तुझ्या बापापेक्षा बरा. तो मी बोलायला लागले की मिटायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर. सूनबाई खालपर्यंत घ्यायला आली होती. ट्रंक मला उचलू दिली नाही आणि जिन्यात दोनदा थांबून, आपल्यालाच धाप लागली आहे असं सोंग केलं. पोरगी हुशार आहे.

मला आतली खोली दिली आहे. विहीणबाई शेवटी याच खोलीत होत्या. खोली चांगली, उन्हाची. कोपऱ्यात पडद्याआड कपडे धुवायची मोरी आहे आणि तिच्या भिंतीवर गॅसचा गिझर टांगला आहे. न्हाणीघर भिंतीपलीकडे. तिकडे कुणी नळ सोडला की इकडे पडद्याआड भप्प होऊन जाळ पेटतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टुणकन उडाले, सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. गिझरच्या वर भिंतीत वीतभर रुंदीची जाळी, तिच्याखाली चिकटवलेला एक लाल कागद. सूनबाई म्हणाली, आई, एवढं वाचून घ्या हं, गिझरवाला लावून गेलाय. मी जवळ गेले, डोळे बारीक केले, वरून खाली मान हलवली आणि म्हटलं, वाचलं.

तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि तू शपथ घेतली आहेस. दोन वर्षं सुनेपासून झाकून ठेवलं ते आल्या दिवशी का उघडं पाडू? असेल कंपनीची जाहिरात.

बैठकीत एक पाखरू आहे. विहीणबाईंचं. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालांवर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर तुरा. याला कॉकटेल म्हणतात म्हणे. मी पिंजऱ्याजवळ गेले तर तुरा ताठ करून मला आपादमस्तक न्याहाळलं, जसं काही मलाच मुलगी म्हणून त्याला दाखवायला आणलं आहे. मी त्याचं नाव सरदार ठेवलं.

मंगळवार, ५ तारीख

सरदारचा पिंजरा माझ्या खोलीत आणला. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला. साडेअकराला जाते ती रात्री जेवायलाच येते. मी दिवसभर भिंतींशी बोलू का? ती जरा चाचरली. म्हणाली, आई, तो बैठकीतच राहू द्या ना, त्याला सवय आहे. मी म्हटलं, मलाही नव्या घराची सवय नाही, दोघं मिळून करू.

हा शीळ घालतो, दाराच्या घंटीची नक्कल करतो, आणि एक वाक्य बोलतो. दुपारी मान तिरकी करून, म्हाताऱ्या बाईच्या दमल्या आवाजात म्हणतो, "जरा पडते." विहीणबाईंचं वाक्य ते. बाई गेली, आळस ठेवून गेली. मी पोट धरून हसले.

त्याचं वजन केलं. चाळीस वर्षं लोकांच्या कोटांना गुंड्या लावल्या, तेव्हा आकड्यांपेक्षा गुंड्या बऱ्या. ट्रंकेतला जुना तराजू काढला. एका पारड्यात दाणे टाकून सरदारला बसवलं, दुसऱ्यात कोटाच्या काळ्या गुंड्या. साठ भरला. साठ गुंड्यांचा सरदार.

गुरुवार, ७ तारीख

थंडी मी म्हणते आहे. त्या जाळीतून असा वारा येतो की जणू भिंतीपलीकडे कुणी माझ्यावर फुंकर घालत बसलं आहे. सरदार सकाळी पिसं फुलवून कापसाच्या बोळ्यासारखा बसला होता. सूनबाईला म्हटलं, ती जाळी बुजव. ती म्हणाली, नाही आई, असू दे हवा, हवं तर आणखी एक पांघरूण देते. पांघरूण मला देशील, सरदारला काय देणार, मोजे?

ती कामाला गेल्यावर स्टुलावर चढले. पडू नकोस म्हणशील, तर पडले नाही. गोधडीचा तुकडा घट्ट दुमडून जाळीत कोंबला आणि सूनबाईला दिसू नये म्हणून पुढे फळीवर साबणाचा पत्र्याचा डबा उभा केला. जाळीच्या तारेला जांभळ्या लोकरीचे दोन धागे अडकलेले होते. म्हणजे माझ्याआधीही कुणाला तरी अक्कल सुचली होती.

दुपारी खोली कशी उबदार झाली. दोघं छान झोपलो.

शनिवार, ९ तारीख

सरदारचं काहीतरी बिनसलं आहे. आज ऊन आहे, वारा नाही, तरी पिसं फुललेली. एरवी एका पायावर झोपतो, आज दोन्ही पाय दांडीवर रोवून डोळे अर्धे मिटून बसला. दाणे चोचीत धरतो आणि खाली टाकतो. शीळ नाही. अठ्ठावन्न गुंड्या.

मलाही कपाळ जड. नव्या जागेचं असेल.

सोमवार, ११ तारीख

पाखरांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. सूनबाईने अर्धा दिवस रजा काढली. डॉक्टर असा किरकोळ की तो स्वतःच तराजूत बसावा, पण हात फार हलके. त्याने सरदारला टॉवेलात गुंडाळून सगळं तपासलं आणि मला शाळेतल्यासारखं शिकवलं. अंग फुलवून बसणं, श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, विष्ठा पातळ होणं, वजन उतरणं, दिवसा झोप. यांतलं एक दिसलं तर लक्ष ठेवा, दोन दिसली तर लगेच आणा, घरचे उपाय करत बसू नका. गुंड्यांचं सांगितलं तर हसला नाही. म्हणाला, आजी, माझ्याकडे येणारे शिकलेले लोक एवढंही करत नाहीत. मी सूनबाईकडे पाहिलं नाही.

मग एक गोष्ट सांगितली ती मनात रुतली. पाखरू आजार लपवतं. थव्यात दुबळं दिसलं तर बाकीचे टोचतात, म्हणून शेवटपर्यंत ताठ बसतं. आपल्याला दिसेपर्यंत निम्मा खेळ संपलेला असतो. मी म्हटलं, म्हाताऱ्या बायकांचंही तेच आहे, फक्त आमच्या तुऱ्यावरून कळत नाही.

धूर, करपलेला तवा, फवारे काही आहे का विचारलं. मी म्हटलं, माझ्या खोलीत काडीसुद्धा पेटत नाही. ऊब द्या म्हणाला. मी मनात म्हटलं, ते मी आधीच केलंय, शहाण्या. दोन दिवस त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं.

बुधवार, १३ तारीख

सरदार परत आला तो टुणटुणीत. एकोणसाठ गुंड्या. दारातच घंटीची नक्कल केली आणि सूनबाई फसून दार उघडायला धावली. डॉक्टर म्हणाला, विशेष औषध काही दिलंच नाही, आपोआप सुधारला, घरात काय चुकतंय ते बघा.

घरात काय चुकतंय. घरात मी, तो आणि सूनबाई. मी तर आहे तशीच आहे.

नाही, मी काही म्हणत नाही. नुसतं बोलते आहे.

शुक्रवार, १५ तारीख

आज नीट पाहिलं. लेका, रागावू नकोस, पण कुठेतरी पाणी मुरतंय.

सरदार सकाळी आठला ठणठणीत असतो. दहाला सूनबाई आंघोळीआधी माझ्या खोलीत येते, पडद्याआड जाऊन गिझरची चावी सोडते, परत येताना पिंजऱ्यापाशी थांबते. वाटीतले दाणे बोटाने ढवळते. त्याच्याशी लाडात काहीतरी पुटपुटते. मग जाते आंघोळीला. माझी आंघोळ त्याआधीच दोन तांब्यांत आटपलेली असते. तिचं पाणी मात्र वाहतच असतं, आणि ती केस पुसत बाहेर येते तोवर सरदार फुललेला. शेपटी वरखाली. आज तिसऱ्यांदा.

ती कामाला गेली की संध्याकाळपर्यंत हळूहळू सावरतो.

ती औषधांच्या दुकानात काम करते. कुठल्या पुडीत काय असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? सावकाश, आजार वाटेल असं.

पण पाखरावर कुणाचा एवढा राग असतो? कपाळ ठणकतंय. विचार केला की जास्तच.

शनिवार, १६ तारीख

वाटीतले दाणे फेकले, माझ्या ट्रंकेत वेगळे ठेवलेले घातले. पाणी माझ्या तांब्यातलं. तरी दहानंतर तेच. छप्पन्न गुंड्या.

मग पुडी नाही. बोटाला काही लावून येत असेल.

तिने मला चहा दिला. मी म्हटलं, आधी तू घे. तिने एक घोट घेतला आणि कप परत दिला. म्हणाली, साखर बरोबर आहे, आई. डोळ्याला डोळा भिडवून. मी कप मोरीत ओतला.

रविवार, १७ तारीख

आज तिला सुट्टी. न्हाणीघरात तासभर होती, केस धुवायचे होते म्हणे. पडद्याआड जाळ फुरफुरत होता. मी पलंगावर बसून पिंजऱ्यावर पहारा देत होते. ती आज पिंजऱ्याजवळ फिरकलीसुद्धा नाही, चावी सोडली आणि गेली. तरी सरदार दांडीवरून पडला. पिकलं फळ पडतं तसा. तळाशी पंख पसरून, चोच उघडी.

मला उठून धावायचं होतं. पाय उठेनात. ओकारी आली. कशीबशी पिंजरा घेऊन बैठकीत आले, खिडकी उघडून त्याला मांडीवर धरलं. अर्ध्या तासाने त्याने माझं बोट चावलं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

सूनबाई ओल्या केसांनी धावत आली. माझा चेहरा पाहून म्हणाली, आई, तुम्ही लाल का दिसताय? उद्या तुम्हालाही डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. एकदा का म्हातारी आजारी ठरली की तिची ट्रंक परत गावच्या गाडीत चढते. मी ताठ बसले.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, विहीणबाई कशाने गेल्या? ती खाली बसली. म्हणाली, कशाने म्हणजे, झोपेतच. महिनाभर डोकं दुखतं म्हणायच्या, सारख्या पडून असायच्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. वयाने गेल्या, असं डॉक्टरनी लिहून दिलं. त्यांची जांभळी शाल सापडेना, शेवटी मोरीच्या जाळीत कोंबलेली मिळाली, तीच काढून पांघरली. हे सांगताना रडली.

डोकं दुखायचं. सारख्या पडून असायच्या. माझ्यासारख्या.

आधी आई, मग आईचं पाखरू, मग सासू. एकच खोली. मला पाठवायला तिला गावची गाडी लागणारच नाही.

मंगळवार, १९ तारीख

पिंजरा पुन्हा माझ्या खोलीत. बैठकीत ठेवला तर तिच्या हातात आयता. ती म्हणाली, आई, मी त्याला डॉक्टरकडे नेऊ का? मी म्हटलं, तू हात लावायचा नाहीस. मी असं कधी कुणाला बोलले नव्हते. नंतर स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला.

चोपन्न गुंड्या. मोजताना तीनदा चुकले. काळी कोणती, तपकिरी कोणती, कळेना. गुंड्यांत मी चुकत नाही, लेका. तुला माहीत आहे.

दुपारी सरदार बोलला. "जरा पडते."

विहीणबाईंच्या आवाजात नव्हे.

माझ्या.

बुधवार, २० तारीख

मी हे वाक्य म्हणते का? कधीपासून म्हणते? आठवत नाही. पाखरू ऐकल्याशिवाय शिकत नाही.

आज सूनबाईने दहाला दार वाजवलं. मी आतून कडी घातली होती. म्हणाली, आई, गिझरची चावी. मी म्हटलं, चालूच आहे, मी बघते, तू जा. ती दाराबाहेर उभी राहिली. पावलं जाईनात. मग म्हणाली, आई, माझं काही चुकलं का?

चोराच्या मनात —

दाराखालच्या फटीतून काही आत सोडेल. फटीला माझं जुनं लुगडं ठासलं. खिडकी थंडीमुळे बंदच असते, तिच्या फटीतही बोळे कोंबले. आता मुंगी येणार नाही.

पडद्याआड भप्प.

सरदार तळाशी.

मीही थोडी — नंतर बोलते.

गुरुवार, २१ तारीख

दहा वाजले. कडी घातलेली. दाणे माझे. पाणी माझं. चहा कालपासून घेतला नाही. ती पलीकडे आहे, पाणी वाहतंय, ती गाणं गुणगुणते आहे. ती इथे नाही. तिचं बोटसुद्धा इथे नाही.

सरदार पडला. आत्ता. माझ्यासमोर.

मग कुणी —

थांब. नीट विचार कर, बये. चाळीस वर्षं उलटे शिवलेले कोट उसवलेस. उसव.

मी आले तेव्हा तो बरा होता. पहिले तीन दिवस बरा. दवाखान्यात बरा. बैठकीत बरा. ती कामावर गेली की बरा. म्हणजे तिचं पाणी थांबलं की बरा. रविवारी तासभर पाणी. रविवारी पडला. तिच्यामुळे नाही. पाण्यामुळे. पाणी सुरू झालं की भप्प —

काडीसुद्धा पेटत नाही म्हणाले डॉक्टरला. पडद्याआड रोज पेटतंय.

आणि त्या जाळाची विषारी हवा जाणार कुठून. जाळीत शाल. विहीणबाईंना थंडी वाजायची. सूनबाईने शाल काढली आणि मी —

मी गोधडी घातली. मी. या हातांनी. वर डबा ठेवला, तिला दिसू नये म्हणून.

सूनबाई! — ऐकू जात नाही. पाणी. किती वेळ केस धुतेस गं.

स्टूल. पाय नाहीत खाली. पलंगावरून उतरले तर फरशीवरच बसले. जाळी किती उंच आहे. पिंजरा ओढला जवळ. त्याची शेपटी वरखाली, वरखाली. मीही तशीच श्वास घेते आहे, सरदार, बघ. ताठ बसायचं नाही आता. टोचणारं कुणी नाही इथे. नव्हतंच कुणी.

दार — कडी वर आहे. लुगडं निघतंय का — निघतंय थोडं — चोच इकडे, या फटीशी, राजा. इथे गार आहे.

लेका, तुझी बायको चांगली आहे. तिने चहा आधी प्यायला. मी ओतून दिला. तिला सांग.

आणि तो लाल कागद. जाळीखाली. तेच असणार. तेच लिहिलेलं असणार. रोज समोर होता. मी वाचलं म्हणाले. वरून खाली मान हलवली.

पाणी थांबलं. थांबलं! सूनबाई! दाराशी ये. इकडे. सूनबाई, मला वाचता येत नाही गं. मी खोटं बोलले. तो कागद — त्या कागदावर काय लि